ड्रोनद्वारे छप्पर तपासणी

ड्रोनद्वारे छप्पर तपासणी म्हणजे दूरनियंत्रित मानवरहित विमानावर बसवलेल्या कॅमेऱ्याने घराच्या छपराची वरून छायाचित्रे घेऊन त्याच्या स्थितीचे परीक्षण करण्याची पद्धत होय. या पद्धतीत तपासनीसाला शिडी लावून छपरावर चढावे लागत नाही. फुटलेली कवेलू, उडालेले किंवा गंजलेले पत्रे, स्लॅबवरील भेगा, तुंबलेले पाणी असे दोष त्यामुळे जमिनीवरूनच नोंदवता येतात. विमा कंपन्यांची पाहणी, इमारतींची देखभाल, वारसा वास्तूंचे जतन आणि आपत्तीनंतर झालेल्या नुकसानीची नोंद यांसाठी ही पद्धत वापरली जाते. तिला एक मूलभूत मर्यादाही आहे. ड्रोनला छपराचा वरचा पृष्ठभाग दिसतो; त्याला आतून पेलणारा लाकडी सांगाडा दिसत नाही.

प्रस्तुत लेखात या पद्धतीची सर्वसाधारण माहिती महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्यात आढळणाऱ्या छपरांच्या संदर्भात दिली आहे.

पार्श्वभूमी

छपरावर चढणे हे बांधकाम आणि दुरुस्तीच्या व्यवसायातील जोखमीचे काम मानले जाते. सिमेंटचे (ॲसबेस्टॉसचे) पत्रे वरून भक्कम दिसले तरी जुने झाल्यावर ठिसूळ होतात आणि माणसाच्या वजनाने एकाएकी मोडतात. कवेलूच्या छपरावर चुकीच्या जागी पाय पडल्यास धडधाकट कवेलूही फुटतात, म्हणजे तपासणीमुळेच नवे नुकसान होते.

अमेरिकेत घरविम्याच्या दाव्यांसाठी छपराची पाहणी करणे ही नित्याची बाब आहे. तेथील विमा कंपन्यांना २०१५ पासून ड्रोनच्या प्रायोगिक वापराची परवानगी मिळू लागली. ऑगस्ट २०१६ मध्ये लहान ड्रोनच्या व्यावसायिक वापराचे नियम लागू झाले आणि २०१७ मधील हार्वे चक्रीवादळानंतर विमा पाहणीत ड्रोनचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करण्यात आला. भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू झाल्यानंतर अशा कामांसाठीची परवाना प्रक्रिया बरीच सुलभ झाली.

यवतमाळ जिल्ह्यातील छपरांचे प्रकार

यवतमाळ हा विदर्भातील अमरावती विभागाचा जिल्हा असून त्यात १६ तालुके आहेत. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ आहे. जिल्ह्यात सागवानी जंगल असल्याने जुन्या घरांच्या सांगाड्यात सागाचे लाकूड आढळते. येथील छपरांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. प्रत्येक प्रकारात ड्रोनला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे वेगवेगळे आहे.

कवेलूचे छप्पर: यात हाताने घडवलेली अर्धगोल नळीची कवेलू किंवा यंत्रावर तयार केलेली चपटी मंगलोरी कवेलू वापरली जातात. फुटलेली, सरकलेली किंवा नाहीशी झालेली कवेलू, आढ्यावरच्या कोन्यांतील फटी आणि शेवाळ या गोष्टी छायाचित्रात स्पष्ट दिसतात. विदर्भातील गावांमध्ये माकडांच्या उड्यांमुळे कवेलू फुटणे ही नेहमीची तक्रार आहे. म्हणून पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरण्याची, म्हणजे फुटकी काढून नवी बसवण्याची आणि सरकलेली नीट रचण्याची रीत आहे.

टिनाचे छप्पर: लोखंडी नालीदार पत्र्यांचे हे छप्पर वादळी वाऱ्यात लवकर उचलले जाते. अनेक घरांवर पत्रे दाबून ठेवण्यासाठी दगड ठेवलेले असतात. असे दगड, गंजाचे डाग, सुटलेले हूक आणि दोन पत्र्यांमधील अपुरा जोड ड्रोनच्या छायाचित्रातून ओळखता येतो.

धाब्याचे घर: लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून त्यांवर मातीचा जाड थर दिलेले हे सपाट छप्पर असते. मातीला पडलेल्या भेगा, उगवलेले गवत आणि पाणी साचणारे खोलगट भाग वरून दिसतात. मातीचा थर किती भिजला आहे आणि तुळई किती वाकली आहे, हे मात्र घरात जाऊनच पाहावे लागते.

स्लॅब: सिमेंट काँक्रीटच्या सपाट छतावरील भेगा, पाणी तुंबण्याच्या जागा, कचऱ्याने बंद झालेली पावसाळी पाण्याची तोंडे, टाकीची गळती आणि फटीत रुजलेली पिंपळाची रोपे हे दोष प्रामुख्याने नोंदवले जातात.

कार्यपद्धती

उड्डाणापूर्वी घरमालकाची संमती घेतली जाते, परिसरातील विजेच्या तारा, झाडे आणि मनोरे यांची नोंद केली जाते आणि हवाई क्षेत्राच्या नकाशावर त्या जागेचा रंग तपासला जातो. त्यानंतर सामान्यतः दोन प्रकारची छायाचित्रे घेतली जातात. कॅमेरा थेट खाली रोखून घेतलेल्या छायाचित्रांतून छपराचा आराखडा मिळतो. कॅमेरा तिरपा धरून घेतलेल्या छायाचित्रांतून पाख्यांचा उतार, वळचण आणि भिंतीशी असलेला सांधा दिसतो. लगतची छायाचित्रे एकमेकांवर साधारण ७० ते ८० टक्के येतील अशा बेताने उड्डाणमार्ग आखतात. संगणकाच्या साहाय्याने ती जोडून संपूर्ण छपराचे एकसंध, मोजमापयोग्य चित्र आणि त्रिमितीय प्रतिकृती तयार करता येते. आढ्याला आलेला बाक किंवा पाख्याचा खचलेला भाग अशा प्रतिकृतीत उठून दिसतो.

चित्र किती बारकाईचे मिळेल हे मुख्यतः उड्डाणाच्या उंचीवर अवलंबून असते. एक इंची संवेदक असलेल्या दोन कोटी पिक्सेलच्या प्रचलित कॅमेऱ्याने १०० मीटर उंचीवरून छायाचित्र घेतल्यास एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचे सुमारे २.७ सेंमी अंतर मावते. २० मीटरवरून हेच अंतर सुमारे ५.५ मिमी, तर १० मीटरवरून २.७ मिमी होते. कवेलूला गेलेला तडा किंवा स्लॅबवरची केसासारखी भेग पाहायची असल्यास ड्रोन छपराच्या बराच जवळ न्यावा लागतो. मात्र फार जवळ नेल्यास पंख्यांच्या झोताने सैल कवेलू, प्लास्टिकचे आच्छादन किंवा गवत हलण्याचा धोका असतो.

काही ड्रोनवर उष्णता टिपणारा अवरक्त कॅमेरा असतो. सपाट स्लॅबच्या आवरणाखाली मुरलेले पाणी दिवसभर शोषलेली उष्णता हळूहळू सोडते. त्यामुळे सूर्यास्तानंतर ओला भाग कोरड्या भागापेक्षा अधिक उबदार दिसतो. चकचकीत टिनाच्या बाबतीत हे तंत्र फसवे ठरू शकते, कारण धातूचा पृष्ठभाग स्वतःच्या उष्णतेऐवजी आकाशाचे प्रतिबिंब दाखवतो.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात वेळेची निवडही महत्त्वाची असते. छपरांची पाहणी आणि दुरुस्ती पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मे महिन्यात होणे सोयीचे असते. परंतु त्याच काळात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अनेक लहान ड्रोन ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठीच बनवलेले असतात. म्हणून उड्डाण सकाळी लवकर करणे इष्ट ठरते. सकाळच्या तिरप्या उन्हात सावल्या लांब पडत असल्याने उंचसखलपणाही अधिक स्पष्ट दिसतो.

गावठाण भूमापनाशी संबंध

महाराष्ट्रातील ग्रामीण घरांवरून झालेली सर्वांत व्यापक ड्रोन उड्डाणे गावठाणांच्या भूमापनासाठी झाली आहेत. ग्रामविकास विभाग, भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी त्याचा पथदर्शी प्रयोग केला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली आणि महाराष्ट्र हे तिच्या पहिल्या टप्प्यातील राज्यांपैकी एक होते. या भूमापनात उड्डाणापूर्वी प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा आखतात. ड्रोनच्या छायाचित्रांवरून नकाशा तयार होतो आणि चौकशीनंतर धारकाला मिळकत पत्रिका दिली जाते.

या भूमापनाच्या छायाचित्रांत गावातील प्रत्येक छप्पर आलेले असते. तरीही त्याला छपराची तपासणी म्हणता येत नाही. भूमापनाचे उद्दिष्ट हद्द ठरवणे हे असते आणि त्यातील एक पिक्सेल सुमारे ५ सेंटिमीटरचा असतो. एवढ्या बारकाईने छप्पर कवेलूचे आहे, टिनाचे आहे की स्लॅबचे, हे ओळखता येते आणि त्याचे क्षेत्रफळ मोजता येते. मात्र नळीच्या कवेलूची रुंदी अशा दोन-तीन पिक्सेलांत संपत असल्याने ते फुटले आहे की नाही हे त्यातून कळत नाही. एखाद्या घराची नुकसानीपूर्वीची अवस्था दाखवणारा आधार म्हणून अशा छायाचित्रांचा उपयोग होऊ शकतो.

आपत्तीनंतरची पाहणी

यवतमाळ जिल्ह्यात घरांचे नुकसान मुख्यतः मॉन्सूनपूर्व वादळे, गारपीट आणि अतिवृष्टी यांमुळे होते. दक्षिणेकडून पैनगंगा आणि पूर्वेकडून वर्धा या नद्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहतात. जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुरात अडकलेल्या नागरिकांच्या सुटकेसाठी भारतीय वायुसेनेची हेलिकॉप्टर मागवण्यात आली होती.

नैसर्गिक आपत्तीत पडझड झालेल्या घरांना राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार मदत मिळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीच्या केंद्रीय निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी १,२०,००० रुपये. झोपडी वगळता किमान १५ टक्के अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये आणि कच्च्या घरासाठी ४,००० रुपये. तर नष्ट किंवा नुकसान झालेल्या झोपडीसाठी ८,००० रुपये अशी तरतूद होती. म्हणजे पडझड १५ टक्क्यांच्या अलीकडे की पलीकडे यावर मदत मिळणे अवलंबून असते. आणि अंशतः व पूर्णतः या दोन शब्दांमध्ये एक लाखाहून अधिक रुपयांचे अंतर आहे.

अशा वेळी छपराचे वरून घेतलेले, दिनांक व स्थानाची नोंद असलेले छायाचित्र महत्त्वाचा पुरावा ठरू शकते. वादळानंतर कुटुंबाला घर लगेच झाकून घ्यावे लागते. पंचनाम्यासाठी तलाठी (ग्राम महसूल अधिकारी) येईपर्यंत उडालेल्या पत्र्यांच्या जागी ताडपत्री आलेली असते आणि मूळ नुकसान दिसेनासे होते. डोंगरावरील कोलाम पोड किंवा पुराने रस्ता तुटलेले तांडे येथे हा विलंब अधिक होण्याची शक्यता असते. तथापि निकष संपूर्ण घराच्या पडझडीचा आहे, केवळ छपराचा नाही. खचलेली भिंत किंवा भिजून फुगलेला मातीचा पाया वरून दिसत नाही. त्यामुळे ड्रोनचे छायाचित्र प्रत्यक्ष पंचनाम्याला पूरक ठरते, त्याची जागा घेत नाही.

कायदेशीर तरतुदी

भारतात ड्रोनच्या वापराचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार वजनावरून पाच वर्ग केलेले आहेत: नॅनो (२५० ग्रॅमपर्यंत), मायक्रो (२५० ग्रॅमहून अधिक ते २ किलो), लहान (२५ किलोपर्यंत), मध्यम (१५० किलोपर्यंत) आणि मोठे (१५० किलोहून अधिक). छपरांच्या तपासणीसाठी बहुधा पहिल्या दोन वर्गांतील ड्रोन पुरेसे असतात. ड्रोनची नोंदणी करून त्याला विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नॅनो ड्रोनसाठी, तसेच मायक्रो ड्रोनच्या अव्यावसायिक वापरासाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. मोबदला घेऊन मायक्रो ड्रोनने पाहणी करणाऱ्याला मात्र ते आवश्यक असते.

हवाई क्षेत्र हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागलेले आहे. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत (१२० मीटर) उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही, पिवळ्या पट्ट्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारची परवानगी लागते. यवतमाळ शहराजवळ जवाहरलाल दर्डा विमानतळ असल्याने त्या परिसरात उड्डाणापूर्वी नकाशा पाहणे आवश्यक ठरते. टिपेश्वर आणि पैनगंगा या अभयारण्यांच्या क्षेत्रात वन विभागाची परवानगी घ्यावी लागते.

मर्यादा

कवेलूच्या घराचे आयुष्य वरच्या कवेलूंपेक्षा खालच्या आढ्यावर, वाशांवर आणि रिपांवर अवलंबून असते. वाळवीने पोखरलेला वासा वर नवी कवेलू असताना पूर्णपणे झाकलेला राहतो. आढे खचू लागल्यावरच त्याचा परिणाम वरून दिसतो आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. लाकडावर टोकून आवाज ऐकणे, टोचा मारून पाहणे, भिंतीवरचे ओघळ आणि पावसाळ्यात घरात भांडी कोठे ठेवावी लागतात हे घरच्यांना विचारणे, या जुन्या पद्धतींना त्यामुळे पर्याय नाही.

याशिवाय पाऊस आणि जोराचा वारा यांत लहान ड्रोन उडवता येत नाहीत, म्हणजे छप्पर प्रत्यक्ष गळत असताना ते उपयोगी पडत नाहीत. एका बॅटरीवर साधारण अर्धा तास उड्डाण होते. घारींसारखे पक्षी ड्रोनवर झडप घालू शकतात. मोठ्या झाडांच्या सावलीतील छपराचे चित्रही अपुरे राहते.

खासगीपणा

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. ग्रामीण भागात हा प्रश्न विशेष नाजूक आहे, कारण अनेक घरांची न्हाणी वरून उघडी असते आणि उन्हाळ्यात माणसे अंगणात किंवा गच्चीवर झोपतात. एका घराची पाहणी करताना शेजारची घरेही चित्रात येतात. जून-जुलै २०२४ मध्ये पुणे, तत्कालीन अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) आदी जिल्ह्यांतील गावांत रात्री आकाशात दिसणाऱ्या ड्रोनमुळे भीतीचे वातावरण पसरले होते. त्यामुळे उड्डाणाची वेळ ग्रामपंचायतीमार्फत आधी जाहीर करणे, पोलीस पाटलांना कळवणे, उड्डाण दिवसाच करणे आणि शेजारच्या घरांची चित्रे जपून न ठेवणे या बाबी उचित समजल्या जातात.

हे सुद्धा पहा

ड्रोन
दूरसंवेदन
स्वामित्व योजना
गावठाण
कवेलू
यवतमाळ जिल्हा