शिवणीत माया किती?

तुळजापूरच्या देवीच्या ओटीतला खण प्रसाद म्हणून घरी येतो, तेव्हा खर्च फक्त शिलाईचा. पुढे ब्लाउज घट्ट झाला की सैल करून घेताना तक्रार: एवढ्याशा कामाचे एवढे पैसे? दोष 1846 साली एलियास हाऊने पेटंट घेतलेल्या दुहेरी टाक्याचा! त्यात वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. सिमेंटच्या पोत्याची साखळी-शिवण एका ओढीत सुटते, हा टाका मात्र चिकाटीने उसवावा लागतो. अस्तर असेल तर दुप्पट कटकट. म्हणून धाराशिवचा टेलर आधी ब्लाउज उलटा करतो आणि माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, बघतो. दोन्ही कुशींना, पुढे-मागे अर्धा-अर्धा इंच सुटला, तर छाती 2 इंचांनी वाढते. नाहीतर बगलेत जोड, आणि रंग जुळवायची वणवण.