नितळ पाण्यातले विष

आजी म्हणते, पाणी नितळ दिसलं की चांगलं. पण मित्रांनो, नितळ पाण्यातही विष असते!

पश्चिम बंगालात गंगेच्या काठी असेच पाणी आहे. हिमालयातून नदीने आणलेल्या गाळात आर्सेनिक असते. सोमल विषात असते तेच. ते जमिनीतल्या पाण्यात उतरते आणि बोअरमधून वर येते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. हे पाणी पिऊन लोकांच्या अंगावर डाग पडले. १९८३ साली डॉक्टरांनी त्याचे कारण ओळखले.

तिथे तेच पाणी शेतालाही देतात. मग मुळा, गाजर, बटाटा यांतही विष शिरते. साल मातीला लागून असते, म्हणून सालीत जास्त सापडते.

पाणी उकळून विष जात नाही. पाणी आटते, विष तेवढेच राहते! म्हणून पाणी तपासून घ्यावे. एक लिटर पिण्याच्या पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक नसावे. तिथे शेताला नदीचे नाहीतर तळ्याचे पाणी दिलेले बरे. भाजी चांगल्या पाण्याने धुवावी, साल काढावी आणि चांगल्याच पाण्यात शिजवावी.

मी आजीला सांगितले, "आजी, पाणी नुसतं बघून कळत नाही गं, तपासावं लागतं."