परसातली रोपं: आधी विहिरीचा महिना बघा, मग बी टाका



हळवा भात पिवळा पडायला लागलाय. थोड्याच दिवसांत कापणीची घाई सुरू होईल आणि मग परसातल्या भाजीकडे बघायला कोणालाच सवड मिळणार नाही. म्हणून आजचा मेसेज जरा मोठा आहे. रात्री जेवणं झाली की घरात मोठ्यानं वाचा, कारण भाजीचं बी बहुतेक घरांत आई, आजी नाहीतर काकीच्या ताब्यात असतं.

*आधी माझी चूक सांगते*

गेल्या वर्षी थळला आमच्या घरामागे मी सगळं बी एकाच दिवशी टाकलं. घट बसले त्या दिवशी. मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी, सगळं एकाच वाफ्यात. मी पदविका केलेली, लोकांना सल्ला देणारी, म्हणून आईही काही बोलली नाही. बी छान उगवलं. मग परतीचा पाऊस तीन दिवस बसला आणि त्यामागून ऑक्टोबरचं ऊन आलं. रोपं जमिनीलगत पिचून आडवी झाली. त्यात आईनं कित्येक वर्षं जपलेलं घरचं काटेरी वांगं होतं, आणि मी पुडीतलं सगळं बी टाकून मोकळी झाले होते.

मिरची पुन्हा टाकली ती नोव्हेंबरच्या शेवटी. मार्चमध्ये ती तोड्याला आली तेव्हा विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. पानांच्या कडा करपल्या, फुलं गळली. चार महिने पाणी घातलं आणि हातात मिरच्या किती आल्या, तर दोन वाट्या.

*विहिरीपासून उलटं मोजा*

आपल्या किनाऱ्याला जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या वर असतं. उन्हाळ्याकडे पातळी खाली गेली आणि उपसा वाढला की खारं पाणी वर येतं. तुमची विहीर कुठल्या महिन्यात मचूळ होते हे घरच्यांना माहीत असतं. तीच तुमची शेवटची तारीख. तिथून मागे मोजत या.

समजा विहीर १५ मार्चपर्यंत गोडी आहे:

▪️ मिरची: रोप ४५ दिवस, लावणीपासून पहिला तोडा ७० दिवस, पुढे तोडे ४५ दिवस. एकूण १६० दिवस. म्हणजे बी ६ ऑक्टोबरच्या आसपास टाकायला हवं.
▪️ वांगी: ३५, ६५ आणि ४५, एकूण १४५ दिवस. बी २१ ऑक्टोबरच्या आसपास.
▪️ टोमॅटो: २८, ६५ आणि ४०, एकूण १३३ दिवस. बी २ नोव्हेंबरच्या आसपास.
▪️ कोबी, फ्लॉवर: यांना विहिरीपेक्षा थंडी महत्त्वाची. गड्डा जानेवारीत भरला पाहिजे. बी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाका, वाण लवकर येणारा घ्या.
▪️ पांढरा कांदा: रोप नोव्हेंबरमध्ये, भात निघाल्यावर. ४५ ते ५० दिवसांनी लावणी.

जातीप्रमाणे यात आठ-दहा दिवस इकडेतिकडे होतील. विहीर फेब्रुवारीतच मचूळ होत असेल तर सगळ्या तारखा तेवढ्या मागे घ्या. आता उशीर झाला असेल तर मिरचीचं बी न टाकता तयार रोपं आणा.

यात एक फायदाही आहे. वांग्याची लावणी नोव्हेंबरच्या शेवटी येते, टोमॅटोची त्याच सुमारास किंवा थोडी पुढे. तोवर कापणी-झोडणी उरकलेली असते आणि हात मोकळे असतात.

मेथी, माठ, पालक, मुळा, कोथिंबीर यांचं रोप करायचं नाही, बी थेट वाफ्यात. पण एकदम सगळं टाकू नका. दर १५ दिवसांनी एक हात लांबीची पट्टी पेरा, म्हणजे घरात सतत कोवळी भाजी राहील. धने पायाखाली हलके रगडून दोन फाका करून पेरा. वाल तर भात निघालेल्या ओलीवरच येतात. पोपटीपुरते चार ओळी बांधाकडेला टाकल्या तरी घराला पुरतात.

*बी टाकण्याआधी मोजून बघा*

घटात आपण धान्य पेरतो आणि नऊ दिवस रोप बघतो. तेच बियाण्याचं करा. २० बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवा, फडकं ओलसर राहू द्या. टोमॅटो, वांगी, कांदा आठ दिवसांत, मिरची १२ दिवसांत कोंब दाखवते.

▪️ १४ किंवा जास्त उगवल्या: बी चांगलं.
▪️ ८ ते १३: दीडपट ते दुप्पट दाट टाका.
▪️ ८ पेक्षा कमी: त्या बियांवर मेहनत घालू नका.

आपल्या दमट हवेत बी लवकर मरतं. कांद्याचं तर वर्षभरातच जोर सोडतं, म्हणून दोन पावसाळे खाल्लेलं कांद्याचं बी वापरू नका. उरलेलं बी पुडीत न ठेवता घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. तळाला भाजून गार केलेले मूठभर तांदूळ टाका, ते ओल ओढून घेतात.

*रोप जमिनीत नको, उचलून ठेवता येईल असं करा*

ऑक्टोबरमध्ये पाऊस आणि कडक ऊन दोन्ही असतं. वाफा उचलता येत नाही, खोका उचलता येतो. थळ, नवगावला मासळीचे थर्माकोलचे खोके सहज मिळतात. खोका गोड्या पाण्यानं तीन-चार वेळा धुवा, मीठ राहता कामा नये. तळाला बोटाएवढी आठ-दहा भोकं पाडा आणि दोन विटांवर ठेवा. पाऊस आला की पडवीत, उघडला की अंगणात. सकाळचं ऊन मिळू द्या, दुपारी माडाच्या झापाची सावली करा.

भरायला दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग तूस किंवा धुतलेला काथ्याचा भुसा. पाच किलो मिश्रणाला ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळा. त्यानं रोपं पिचून आडवी होण्याचा रोग कमी होतो. बी अर्धा सेंटीमीटर खोल, दोन ओळींत चार बोटं अंतर. पाणी सकाळी एकदाच द्या. वरची माती सुकलेली दिसल्याशिवाय पुन्हा देऊ नका. रोपं ओलीनं जितकी मरतात तितकी तहानेनं मरत नाहीत.

*या तीन गोष्टी खोक्यात नकोत*

१) समुद्राची वाळू. कितीही धुतली तरी भरवसा नाही.
२) खारवलेल्या मासळीचं खत किंवा मासळी धुतलेलं पाणी. मोठ्या माडाला चालून जाईल, कोवळ्या मुळाला नाही.
३) मचूळ पाणी. पाण्याचा ईसी १ च्या वर गेला की वाल, कांदा, मिरचीला त्रास सुरू होतो. पालक, बीट, माठ त्यापेक्षा जास्त सोसतात. शंका असेल तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

दरवर्षी वांगी-टोमॅटोची हिरवीगार झाडं एका दोन दिवसांत माना टाकत असतील तर खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभं धरा. पांढरट धागे खाली उतरताना दिसले तर तो जिवाणूचा मर रोग. औषधानं तो हटत नाही. त्या जागी दोन-तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची नको. दुसऱ्या जागी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे या रोगाला दाद न देणारे वाण घ्या, जसं अर्का रक्षक टोमॅटो, अर्का निधी वांगी.

*पाकीट एकट्यानं घेऊ नका*

पाच माणसांच्या घराला टोमॅटोची १२, वांग्याची ८ आणि मिरचीची १२ झाडं भरपूर झाली. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया असतात. म्हणजे १० ग्रॅमचं पाकीट एका घरासाठी घेतलं तर बहुतेक बी पुढच्या पावसाळ्यात फुकट जाणार. वाडीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एक पाकीट घ्या. एकानं टोमॅटोचा खोका करावा, एकानं वांग्याचा, एकानं मिरचीचा, आणि लावणीला रोपं वाटून घ्यावीत.

संकरित वाणाच्या फळातून बी धरू नका, पुढच्या पिढीत ते सारखं येत नाही. घरचा जुना वाण असेल तर मात्र जरूर धरा. आणि कितीही भरवसा वाटला तरी सगळं बी एका वेळी टाकू नका. तिसरा हिस्सा बाटलीत राहू दे.

आमचं काटेरी वांगं वाचलं ते माझ्या हुशारीनं नाही. आईनं तीन वर्षांपूर्वी नवगावच्या मावशीला मूठभर बी दिलं होतं, तिच्या परसात ते चालू होतं. मावशीनं यंदा चिमूटभर परत दिलं. फडक्यात २० पैकी १६ उगवल्या. या वेळी अर्धंच बी खोक्यात जाणार आहे. उरलेल्याची बाटली आईनं स्वतःकडे ठेवलीय, माझ्याकडे दिली नाही.

*आता तुम्ही काय करायचं*

▪️ आज: विहीर कधी मचूळ होते ते घरात विचारा, शेवटची तारीख ठरवा.
▪️ उद्या: घरातलं बी काढून २०-२० बिया फडक्यात टाका.
▪️ या आठवड्यात: मिरचीचा खोका भरा.

कोणाकडे घरचा जुना वाण असेल आणि दुसऱ्याला चिमूटभर द्यायची तयारी असेल, तर याच नंबरवर फोटो किंवा व्हॉइस मेसेज टाका. कोणाला काय हवंय तेही कळवा. देणाऱ्या-घेणाऱ्याची गाठ आपण घालून देऊ.


तुमची कृषी सल्लागार, थळ