फॉलोअर म्हणजे श्रोता नव्हे

इन्स्टाग्रामवर दहा हजार फॉलोअर असले, की टाकलेले गाणे दहा हजार जणांपर्यंत पोहोचते, असा अनेक गायक-वादकांचा समज असतो. तसे होत नाही. फॉलोअर म्हणजे आपले काम पाहण्याची इच्छा नोंदवलेला माणूस. त्याला प्रत्यक्षात काय दिसेल, हे अल्गोरिदम (निवड करणारी संगणकीय नियमावली) ठरवतो. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये ताज्या पोस्ट क्रमाने दाखवणे सोडून ही निवड सुरू केली.

समजा, गावातल्या संगीत मंडळाचे पाचशे सभासद आहेत, पण प्रत्येक मैफलीचे निमंत्रण कोणाला धाडायचे हे चिटणीस ठरवतात. आधी थोड्यांना बोलावतात. ते रमले, तर आणखी काहींना, कधी सभासद नसलेल्यांनाही. रीलचे (इन्स्टाग्रामवरच्या छोट्या व्हिडिओचे) असेच असते. ती किती वेळ पाहिली गेली, कोणी पुढे पाठवली का, यावर तिचा प्रसार ठरतो. त्यामुळे नवख्या कलाकारालाही संधी असते. रीलची सुरुवात लांबलचक परिचयाने न करता थेट सुरांनी करावी. मात्र त्यासाठी ख्यालाची बढत कापू नये, असे माझे ठाम मत आहे. संपूर्ण गायन यूट्यूबवर ठेवावे आणि रीलमधून तिकडे बोलवावे.

शिवाय फॉलोअरांची यादी आपल्या मालकीची नसते. २९ जून २०२० रोजी भारताने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा तिथे जमवलेल्या फॉलोअरांकडे जाण्याचा रस्ताच बंद झाला. म्हणून पुढच्या मैफलीला दारात एक वही ठेवा आणि इच्छुक श्रोत्यांचे फोन नंबर स्वतःकडे लिहून घ्या.