आंबोलीच्या गडग्यापाशी

भाद्रपदातली सकाळ. आंबोलीत पाऊस थांबलेला नाही, नुसता बारीक झालाय. जांभ्या दगडाच्या गडग्याला नाक लावून मी उभा आहे. एका हातात छत्री, दुसऱ्यात भिंग.

वरच्या दगडांवर मॉसचा दाट हिरवा थर. त्यातून केसाएवढे तांबूस दांडे वर आलेत, प्रत्येकाच्या टोकाला बोंड. दांडा त्या हिरव्या रोपाचाच भाग वाटतो. पण तो त्याची पुढची पिढी आहे. रोपाच्या पेशीत गुणसूत्रांचा एकच संच, दांड्याच्या पेशीत दोन. लेकरू आईच्या शेंड्यात पाय रोवतं आणि जन्मभर तिच्या जिवावर जगतं. एका बोंडावर अजून पातळ टोपी आहे. नखाने अलगद निघते. ही टोपी मात्र लेकराची नव्हे, आईच्या पेशींची.

खालच्या झिरपत्या फटीत नेचे आहेत. पान उलटतो, मागे तपकिरी ठिपके. बोटाला पूड लागते, बीजाणूंची. यातला एखादा ओल्या मातीत रुजला तरी त्याचं नेचं होत नाही. जे होतं ते पाहायला चिखलात गुडघे टेकावे लागतात. सापडतं: अर्ध्या सेंटिमीटरचा, हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा, कडेला जेमतेम एका पेशीच्या जाडीचा. नर-मादी अवयव याच्या पोटाखाली. शुक्रपेशी पाण्यातून पोहत अंड्यापर्यंत जातात, म्हणून ओल हवीच. एका पापुद्र्याच्या खाचेतून नेच्याचं पहिलं पान वर येतंय. त्याची मुळं मातीत शिरली की पापुद्रा कुजणार. वर आई टिकते आणि लेकरू वाळतं. खाली नेमकं उलट.

पिढ्यांचं हे एकांतरण १८५१ साली उलगडून दाखवलं लाइपझिगच्या विल्हेल्म होफमायस्टर यांनी. विद्यापीठाची पदवी नाही, पोटापाण्याला संगीताच्या पुस्तकांचा घरचा धंदा, आणि लांबचं धड दिसत नसे! जवळचं मात्र असं दिसलं.

"काय गावला?" घरमालक कोयता घेऊन मागे उभे. सणाआधी गडगा साफ करायचाय. मी भिंग देतो, आई-लेकराची गोष्ट सांगतो. ते उकिडवे बसून बराच वेळ पाहतात.

"आणि बापूस खंय?"

"त्याच पापुद्र्याखाली. नाहीतर शेजारच्या पापुद्र्यावरून पोहत आलेला."