मुलानच्या घरची अब्रू

बादशहाचा अंमलदार गावात येतो आणि घरटी एक पुरुष लढाईवर धाडण्याचं फर्मान वाचू लागतो. पायाने अधू झालेला जुना सैनिक फा झू आपलं नाव ऐकताच कुबडी मागे ठेवून, लंगडणं लपवत पुढे होतो. त्याची मुलगी मुलान धावत रस्त्यावर येते, बाबांना नेऊ नका म्हणून विनवते. अंमलदार बापालाच फटकारतो, की पुरुषांसमोर तोंड आवरायला लेकीला शिकवा. आणि बाप तिच्याकडे न बघताच म्हणतो, तू माझी अब्रू घालवलीस. डिस्नेच्या १९९८ सालच्या ‘मुलान’मधला हा प्रसंग छोटासाच, पण पुढची सगळी लढाई इथे ठरते. चीनवर चालून आलेले शान यू या सरदाराचे हूण हे निमित्त. पोरीला खरं झुंजायचं आहे ते या एका वाक्याशी.

गंमत अशी, की मूळ कथेत हे वाक्यच नाही.

मुलानचं जुनं गीत उत्तर चीनमधल्या वेई राजवटीच्या (इ.स. ३८६ ते ५३४) काळातलं मानलं जातं. आपल्यापर्यंत ते पोचलं सोंग काळात ग्वो माओचियानने केलेल्या संग्रहातून. त्या राजवटीचे धनी घोड्याच्या पाठीवर वाढलेल्या शिआनबेई टोळ्यांतले, म्हणून गीतातला राजा ‘खान’ आहे. मागावर बसलेली मुलगी उसासे टाकते, कारण भरतीच्या यादीत वडिलांचं नाव आलंय आणि घरात मोठा भाऊ नाही. मग ती पुरुषवेशात वडिलांच्या जागी जायचं ठरवते आणि सरळ बाजारात जाते. एका बाजारातून घोडा, दुसऱ्यातून खोगीर, पुढे लगाम, चाबूक. कथेतला पराक्रम दोन-चार ओळींत उरकणारा हा अनाम कवी खरेदीवर मात्र रेंगाळतो. बारा वर्षांनी खान पद देऊ करतो, ती घरी परतायला वाहन मागते. आईबाप वेशीपर्यंत सामोरे येतात, धाकटा भाऊ मेजवानीसाठी सुरी पाजळतो, ती जुने कपडे घालते आणि बाहेर थांबलेले लष्करातले सोबती थक्क होतात. संपलं. डिस्नेपटातल्यासारखी वेशांतराला देहान्ताची शिक्षा नाही, बापाचा राग नाही, लग्नाचा विषयही नाही.

अब्रू नंतर आली, आणि तिचं ओझं वाढत गेलं. मिंग काळातला नाटककार श्यू वेई (१५२१–१५९३) याने मुलानवर नाटक लिहिलं तोवर मुलींचे पाय बांधण्याची चाल पक्की रुजली होती. त्यामुळे त्याच्या मुलानला रणांगणाआधी पायांच्या पट्ट्या सोडाव्या लागतात आणि लगेच घोर लागतो, की पाय मोठे झाले तर मला कोण करून घेणार? नशिबाने घरात पाय पुन्हा आखूड करण्याचा गुपित नुस्खा असतो! परतल्यावर आपलं कौमार्य शाबूत असल्याची ग्वाही ती देते आणि बोहल्यावर चढते. सतराव्या शतकातल्या छू रेनह्वोच्या कादंबरीत खान तिला जनानखान्यात बोलावतो, तेव्हा ती बापाच्या थडग्यापाशी जीव देते. चिनी-अमेरिकन लेखिका मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांनी ‘द वुमन वॉरियर’मध्ये (१९७६) तर आईबापांना लेकीच्या पाठीवर सुरीने घराण्यावर झालेले अन्याय कोरायला लावले आहेत. पाठीवर अक्षरं कोरण्याची ही दंतकथा मुळात सेनापती य्वे फेईची. ती मुलीच्या पाठीवर आली की तिचा अर्थच पालटतो.

डिस्नेने मुलान उचलली ती अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या सामानासकट. टोनी बँक्रॉफ्ट आणि बॅरी कुक या दिग्दर्शकांचा हा चित्रपट मुख्यतः फ्लोरिडातल्या स्टुडिओत घडला, आणि त्यातला मुलानचा पहिला मोठा प्रसंग म्हणजे चक्क कांदेपोह्यांचा कार्यक्रम. लग्न जुळवणाऱ्या बाईसमोर मुलानला चहा ओतायचा असतो, स्त्रीधर्माची वचनं म्हणून दाखवायची असतात. स्त्रीने कसं वागावं याचा चीनमधला नामांकित ग्रंथ इतिहासकार बान झाओ हिने लिहिला, म्हणजे एका विदुषीनेच. मुलानला वचनं पाठ नाहीत, तिने ती शाईने हातावर लिहून आणलीत. ती शाई पुसटते, बाईंच्या बोटांना लागते आणि तिथून त्यांच्या हनुवटीवर झकास दाढी उमटते. मुलानच्या वेशांतराच्या कितीतरी आधी या चित्रपटातला पहिला ‘पुरुष’ असा तयार होतो.

भरती झालेल्या सैनिकांच्या छावणीतला खांबही तसाच हुशारीने रचलाय. टोकावर बाण, आणि तो काढायला चढताना दोन्ही मनगटांना एकेक जड चकती बांधायची. एक शिस्तीची, दुसरी ताकदीची. दांडगे गडी घसरून पडतात. मुलान दोन्ही चकत्यांच्या पट्ट्या खांबाभोवती एकमेकींत अडकवते आणि त्या वजनाचाच आधार करून वर जाते. शेवटी राजवाड्यात शिरायचं असतं, तेव्हा तिचे तीन सोबती बायकांच्या वेशात, कमरेचे शेले खांबांभोवती टाकून याच युक्तीने चढतात, आणि मागे मर्दपणा शिकवणारं छावणीतलं तेच गाणं वाजत असतं. भाषण न देता एवढं सांगणारी दृश्यं डिस्नेपटांत थोडी.

बाई-पुरुषाच्या साच्यांशी चित्रपट असा मनमोकळा खेळतो. अब्रूपाशी मात्र त्याचा पाय अडखळतो. पूर्वजांच्या देवघरातली भुतं कुटुंबाची लाज जाणार म्हणून भांडतात. राखणदारपदावरून उतरवलेला मुशू ड्रॅगन तिच्या मदतीला धावतो, तोही आपला चौथरा परत मिळावा म्हणून. सोंग उघड झाल्यावर बर्फात एकटी पडलेली मुलान एकदा खरं बोलते: मी कदाचित बाबांसाठी आलेच नव्हते, आरशात बघितल्यावर कुणीतरी मोलाचं दिसावं म्हणून आले. माझ्या मते चित्रपटाचं हे सर्वांत धीट वाक्य. पण ते पेलायचं धैर्य पुढे टिकत नाही. ती राजधानी वाचवते, बादशहा तिच्यापुढे झुकतो, सगळं शहर झुकतं. मग ती घरी येऊन बादशहाचं पदक आणि शान यूची तलवार बापापुढे धरते. फा झू ते दोन्ही खाली पडू देतो आणि लेकीला मिठीत घेतो. डोळे पाणावतात हे खरंच. पण ती रिकाम्या हाताने परतली असती तर? ही परीक्षा घ्यायची वेळच पटकथा येऊ देत नाही. शिवाय मागून आजीची कुरकुर आहेच, की पोरीने तलवार आणली, नवरा आणला असता तर बरं झालं असतं.

आपल्या इतिहासातल्या नामवंत लढवय्या बायकांना ओळख लपवावी लागली नाही, पण तलवार कुणाच्या तरी नावानेच धरावी लागली. मुलान बापाच्या नावाने लढते. १७०० नंतर ताराबाईंनी धाकट्या शिवाजीच्या नावाने राज्य राखलं, लक्ष्मीबाईंनी दत्तक दामोदररावांच्या. या बाबतीत निराळी वाट जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी धरली. त्यांच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’तल्या (१९९७) सानला आईबापांनी टाकलेलं, लांडग्यांनी वाढवलेलं. तिची शत्रू एबोशीने कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या बायका भट्टीचे भाते चालवतात, बंदुका झाडतात. दोन्ही बाजूंना कुळच नाही, म्हणून कुळाची अब्रूही नाही. पिक्सारच्या ‘ब्रेव्ह’मधली (२०१२) मेरिडा भांडते ती थेट आईशी. आईने हौसेने विणलेल्या चित्रांच्या भिंतपडद्यावर ती तलवार चालवते, आई रागाच्या भरात तिचं धनुष्य आगीत टाकते. अब्रूची चौकी घरात बहुधा बाईच सांभाळते, ही नाजूक गोष्ट तिथे ‘मुलान’पेक्षा स्पष्ट दिसते.

चीनमध्ये ‘मुलान’ १९९९च्या फेब्रुवारीत लागला आणि फारसा चालला नाही. डिस्नेने २०२० साली तोच विषय जिवंत नटांना घेऊन, नीकी कॅरो या बाईच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा केला, तेव्हा बर्फातलं ते वाक्य गेलं आणि बादशहाने दिलेल्या नव्या तलवारीवर कुटुंबनिष्ठेचा गुण कोरून आला.

त्याआधी, २००४ साली, ‘मुलान २’ नावाचा एक साधारण चित्रपट थेट व्हिडिओवर निघाला होता. त्याची चर्चा कुणी फारशी करत नाही, पण त्यात एक नामी अडचण आहे. मुलान आणि छावणीतला तिचा कप्तान शांग यांचं लग्न ठरतं आणि मुशूला कळतं, की लग्नानंतर तिचे पूर्वज म्हणजे नवऱ्याचे पूर्वज. माहेरच्या देवघराचा तिच्यावर हक्क उरणार नाही, म्हणजे चौथऱ्यावरून तो पुन्हा खाली. मग तो हे लग्न मोडायच्याच खटपटीला लागतो. देश वाचवलेल्या बाईचंही कुळ लग्नानंतर बदलायचंच, हे पटकथेने विनातक्रार गृहीत धरलेलं. तोड काढतो तो शांग: दोन्ही घरांची देवघरं एकत्र करायची. मुशूची नोकरी वाचते.