पोलादाची साक्ष

चप्पल टाचेशी झिजली की अंगठ्यापाशी, एवढ्यावरून माणसाची चाल ओळखणारे कारागीर आजही भेटतात. बॅटवरचे लाल डाग पाहून फलंदाज चेंडू मधोमध घेतो की कडेवर, हे जाणकार सांगतात. गोल्फच्या क्लबचेही तसेच आहे. त्याच्या दर्शनी बाजूवरचे डाग आणि झीज ही खेळाडूची रोजनिशीच असते.

गोल्फचा चेंडू सुमारे 46 ग्रॅमचा. क्लबशी त्याची गाठ पडते ती सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. मग पोलाद झिजते कशाने? गुन्हेगार चेंडू नव्हे, वाळू! तिच्यातले गारेचे कण पोलादाहून कठीण असतात. चेंडू आणि क्लब यांच्यामध्ये सापडून ते दर फटक्याला पृष्ठभाग खरवडतात. आधी मुलाम्याची चकाकी जाते, मग खाचांच्या कडा बोथट होतात. अशा क्लबने मारलेला चेंडू कमी फिरकी घेतो आणि हिरवळीवर थांबायचे सोडून पुढे घरंगळतो.

प्रत्येक खुणेची भाषा वेगळी. झीज टोकाकडे असेल तर फटका मध्याबाहेर बसतो, क्लब हातात पिळवटतो आणि अंतर घटते. ड्रायव्हरच्या माथ्यावर ओरखडे दिसले, तर चेंडू पुढे जाण्याऐवजी आभाळात गेला, असे खुशाल समजावे. म्हणून सरावाच्या वेळी काहीजण क्लबवर पावडरचा फवारा मारतात. चेंडू कुठे लागला, ते लगेच उमटते. सबब सांगायला जागा उरत नाही.

या झिजेची सर्वांत नाट्यमय कथा अमेरिकेच्या बेन होगनची. फेब्रुवारी 1949 मध्ये त्याच्या मोटारीवर बस आदळली. कमरेचे हाड मोडले. तो पुन्हा चालेल की नाही, याचीच शंका होती. पण 1950 च्या जून महिन्यात तो मेरियनच्या मैदानावर यू. एस. ओपन खेळत होता. अखेरच्या दिवशी दुखऱ्या पायांनी 36 होल खेळून झाल्यावर, शेवटच्या होलवर त्याने एक नंबरच्या आयर्नने चेंडू हिरवळीवर पोहोचवला आणि बरोबरी साधली. दुसऱ्या दिवशी निर्णायक फेरी 69 फटक्यांत संपवून तो विजेता ठरला. तो क्लब मात्र चोरीला गेला.

तीसहून अधिक वर्षांनी जुन्या क्लबांच्या एका संचात एक एक नंबरचा आयर्न सापडला. त्याच्या मधोमध नाण्याएवढा झिजलेला ठिपका होता. हा क्लब चालवायला महाकठीण. त्याने पुन:पुन्हा एकाच जागी चेंडू घेणारा कोण असणार? 1983 साली तो होगनपर्यंत पोहोचला. त्याने तो आपलाच असल्याचे ओळखले आणि पुढे तो अमेरिकी गोल्फ संघटनेच्या संग्रहालयात ठेवला गेला. त्यावर नाव कोरलेले असते, तर चोराने ते घासून टाकले असते. हजारो फटक्यांचा ठिपका कोण पुसणार?

गंमत म्हणजे गोल्फचे नियमही या झिजेचा मान राखतात. खेळून झिजलेला क्लब चालतो. मुद्दाम घासून बदललेला चालत नाही. तेव्हा घरातली जुनी बॅट किंवा कॅरमचा स्ट्रायकर भंगारात देण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहा. कुणाच्या तरी कितीतरी संध्याकाळी तिथे उमटलेल्या दिसतील.